बसचा फुलफॉर्म

"आत्या, बसचा फुलफॉर्म काय?"

भाची सहावीत आहे आणि तिच्या वर्गात सध्या फुलफॉर्मची साथ पसरली आहे. ओके, न्यूज, पिन, टी, कशाचाही फुलफॉर्म असतो आणि ज्याला तो येतो तो मधल्या सुट्टीत भाव खातो. न्यूज म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे तिने मला आल्या आल्या ऐकवलं होतं. तसं काही नाही गं, न्यूज म्हणजे ‘नवीन’चं अनेकवचन, एवढंच, असं मी म्हटल्यावर तिचा माझ्यावरचा विश्वास थोडा कमी झाला होता. बसचा फुलफॉर्म म्हणे ‘बिग अर्बन सर्व्हिस’. मैत्रिणीने सांगितलं.

"फुलफॉर्म नाही, पण पूर्ण नाव आहे. ऑम्निबस."

"म्हणजे?"

"सगळ्यांसाठी."

"मग नुसतं बस म्हणजे?"

इथे मी अडकले. खरं उत्तर असं आहे की बस म्हणजे काहीच नाही. बस म्हणजे ‘साठी’. तेवढंच. कशाचं काय, कोणासाठी, ते सगळं कापून फेकलेलं.

मी कराडला भावाकडे आले होते ती आण्णांच्या म्हाळासाठी. दुसऱ्या दिवशी भटजी यायचे होते. आई आणि वहिनी स्वयंपाकघरात, अळूची पानं धुऊन चाळणीत निथळत ठेवलेली, आणि आम्ही दोघी पायरीवर. आण्णा ३३ वर्षं एसटीत कंडक्टर होते. बस या शब्दावर आमचं घर चाललं, आमच्या फिया भरल्या गेल्या, माझं लग्न झालं. आणि तो शब्द म्हणजे एक तुटलेलं शेपूट. पोरीला हे कसं सांगावं?

लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याची चतुर्थी, अनेकवचनात, ‘ओम्निबुस’: सर्वांना, सर्वांसाठी. ‘ओम्नि’ हा शब्दाचा जीव आणि ‘बुस’ हा मागे लावायचा प्रत्यय. इंग्रजांनी लांबलचक ऑम्निबस तोडला तेव्हा जीव टाकून दिला आणि प्रत्यय ठेवला. टेलिफोनचा फोन झाला तिथे निदान ‘फोन’ला आवाज असा काही अर्थ तरी आहे. इथे तसंही नाही. मराठीत हेच करायचं तर ‘सगळ्यांना’ हा शब्द घ्यायचा, ‘सगळ्यां’ खोडायचं आणि गाडीचं नाव ठेवायचं ‘ना’.

"सव्वासहाची ना गेली का हो?"

"गेली ना."

भाचीला हे फारच आवडलं. मग मिनिबस म्हणजे छोटी ना, एअरबस म्हणजे हवेतली ना, आणि तिची स्कूलबस म्हणजे शाळेची ना, असं तिने स्वतःच जोडत नेलं. ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकांनी १९१४ मध्ये, रस्त्यावर नव्यानेच धडधडू लागलेल्या मोटर बसला लॅटिनच्या विभक्त्या लावून एक गमतीदार कविता लिहिली होती. शेपटालाच नाम समजून त्याची रूपं चालवायची, हा तिच्यातला विनोद. भाचीने तो त्यांच्याइतकाच सहज केला आणि तिला लॅटिन येत नाही.

हे नाव गाडीला पडलं कसं, ती गोष्ट फ्रान्सच्या नांत गावची. स्तानिस्लास बोद्री नावाचा, सैन्यातून निवृत्त झालेला एक माणूस. गावाबाहेर त्याची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. इंजिनातून निघणारं गरम पाणी वाया जात होतं, म्हणून त्याने तिथेच सार्वजनिक न्हाणीघर काढलं. (हा हिशेबी स्वभाव मला आमच्याकडचा वाटतो. भाताची पेज टाकवत नाही ना, तसा.) पण गावाबाहेर अंघोळीला येणार कोण? मग त्याने १८२६ मध्ये गावातून न्हाणीघरापर्यंत घोडागाडी सुरू केली. ठरलेली वाट, ठरलेलं भाडं, कोणीही बसा.

थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की लोक गाडीत बसतात खरे, पण अंघोळीला येतच नाहीत. मध्येच उतरतात. कोणी बाजाराला, कोणी सासऱ्याकडे, कोणी कामावर. न्हाणीघर हे नुसतं निमित्त होतं, लोकांना जायचं होतं भलतीकडेच. बोद्री हुशार. त्याने न्हाणीघराचा नाद सोडला आणि गाड्याच वाढवल्या.

गाडी जिथे थांबायची तिथे म्हणे एका टोपीवाल्याचं दुकान होतं. त्याचं आडनाव ओम्नेस. ब्रिटनी प्रांतात हे आडनाव खरोखर असतं. त्याने शब्दावर कोटी करून दुकानावर पाटी लावली होती, ‘ओम्नेस ओम्निबुस’. सगळे सगळ्यांसाठी, किंवा ओम्नेसशेठ सगळ्यांसाठी. लोक गाडीची वाट बघत त्या पाटीखाली उभे राहायचे आणि पाटीचंच नाव गाडीला चिकटलं. कागदोपत्री या टोपीवाल्याचा पुरावा कोणी दाखवू शकलेलं नाही, तेव्हा ही गोष्ट ऐकीव म्हणूनच धरायची. पण थांब्याची नावं अशीच पडतात, हे कुठल्याही कंडक्टरला विचारा. आण्णांच्या एका मार्गावर ‘पिठाची गिरणी’ नावाचा थांबा होता. गिरणी पडून जमाना झाला होता. लोक तिकीट मात्र गिरणीचंच मागायचे.

अशी गाडी काढणारा बोद्री पहिला नव्हे. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, १६६२ मध्ये, पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गाच्या आणि पाच सू भाड्याच्या घोडागाड्या निघाल्या होत्या आणि त्यांची कल्पना होती ब्लेझ पास्कालची. तोच तो गणितातला, पास्कालच्या त्रिकोणाचा. गाड्या मार्चमध्ये सुरू झाल्या आणि पास्काल ऑगस्टमध्ये वारला. पण परवाना देताना पॅरिसच्या न्यायसभेने एक अट घातली: सैनिक, हुजरे, नोकरचाकर आणि अंगमेहनतीचं काम करणारे यांनी या गाड्यांत चढायचं नाही. प्रतिष्ठितांना मोकळेपणाने प्रवास करता यावा म्हणून. पंधराएक वर्षांत त्या गाड्या बंद पडल्या. मार्ग होता, वेळ होती, भाडंही होतं. नव्हतं ते नाव, आणि त्या अटीमुळे ते नाव त्यांना शोभलंही नसतं.

बोद्रीने १८२८ मध्ये पॅरिसमध्ये गाड्या सोडल्या, भाडं २५ सांतिम. गर्दी झाली, मागोमाग स्पर्धक आले, कडाक्याचा हिवाळा आला, दाणावैरण महागली. १८३० मध्ये तो कर्जात बुडाला आणि त्याने आत्महत्या केली, असं सांगतात. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि लोकांनी रस्ते अडवायला पहिल्यांदा काय आडवं पाडलं असेल तर या ऑम्निबस. हे वाचताना मला हसावं की रडावं कळेना. आपल्याकडे बंदची हाक आली की पहिला दगड यष्टीला. सगळ्यांची गाडी म्हणजे कोणाचीच नाही, हा हिशेब पॅरिसमध्येही तोच. आण्णांच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक व्रण होता. आंदोलन कसलं होतं ते त्यांना नंतर आठवायचंही नाही.

लंडनमध्ये जॉर्ज शिलिबियरने ४ जुलै १८२९ रोजी पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी ऑम्निबस सुरू केली. तीन घोडे, आत वीसेक माणसं, बाजूला मोठ्या अक्षरांत ‘ऑम्निबस’. भाडं एक शिलिंग. मजुराला ते परवडण्यासारखं नव्हतंच, म्हणजे सगळ्यांसाठी हे नुसतं रंगवलेलंच. पुढे शिलिबियरचंही दिवाळं निघालं. मग त्याने धंदा बदलला आणि अंत्ययात्रेच्या गाड्या काढल्या. तिथे मात्र गिऱ्हाईक खरोखरच सगळे. तीन-चार वर्षांत लंडनकर या गाडीला नुसतं ‘बस’ म्हणू लागले. सभ्य लोक कितीतरी वर्षं त्या शब्दाच्या आधी एक स्वल्पविराम टांगून लिहायचे, इथे काहीतरी कापलंय बरं का, अशी खूण म्हणून. पुढे तीही गेली.

हे सगळं मी कधीतरी वाचलेलं, तुकड्यातुकड्याने. पण मला या शब्दाचं वेड लागलं ते वेगळ्याच कारणाने.

आठवीत आम्हाला संस्कृत होतं. बाई टेबलावर पट्टी आपटून ताल द्यायच्या आणि आम्ही साठ मुली एका सुरात: रामाय रामाभ्याम् रामेभ्यः. चतुर्थी. संप्रदान. ज्याला द्यायचं तो. पुढे कितीतरी वर्षांनी, बँकेत नोकरीला लागल्यावर, कुठल्याशा पुस्तकात लॅटिन आणि संस्कृतची रूपं शेजारी शेजारी छापलेली पाहिली आणि मी बसल्या जागी ती मोठ्याने म्हणायला लागले. संस्कृत पितृभ्यः, लॅटिन पात्रिबुस. मातृभ्यः, मात्रिबुस. भ्रातृभ्यः, फ्रात्रिबुस. वडिलांना, आयांना, भावांना. ‘भ्यः’ आणि ‘बुस’, मध्ये एका ‘य’चा काय तो फरक. दोन्ही एकाच जुन्या आजीच्या नाती. संस्कृतात जिथे ‘भ’ आहे तिथे लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘फ’ येतो आणि मध्ये आला तर ‘ब’ होतो. म्हणून भ्रातृचा फ्रातेर, नभाचं नेब्युला आणि भ्यःचं बुस.

म्हणजे बस म्हणजे भ्यः. रामेभ्यःमधला.

हे कळलं त्या दिवशी मी कॅश काउंटरवर होते. समोरच्या आजोबांना मी शंभराच्या नोटा दोनदा मोजून दिल्या.

मराठीने हा प्रत्यय कधीच टाकला. प्राकृतातच चतुर्थी जवळपास मोडीत निघाली आणि तिचं काम षष्ठी करू लागली. आपण शाळेत ‘स, ला, ते’ म्हणून पाठ करतो त्यातला ‘रामास’चा ‘स’ हा मुळात ‘रामस्य’चा. षष्ठीच ती, चतुर्थीच्या खुर्चीवर बसलेली. ‘भ्यः’ आपल्या बोलण्यातून गेला तो भटजींच्या तोंडी तेवढा उरला. आणि मग दोनेक हजार वर्षांनी रोम, नांत, पॅरिस, लंडन असा वळसा घालून, शेपटाला चाकं लावून, तो परत आपल्या गावात आला. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली तेव्हा कोणाला वाटलं असेल की हा आपला जुना पाहुणा आहे? मराठीत येताच तो इतका आपला झाला की ‘बसणं’ या क्रियापदाशी त्याचं नातं आहे असंच बहुतेकांना वाटतं. बस म्हणजे जिच्यात बसायचं ती. आमच्या तालुक्याच्या गाड्यांत ते कितपत जमायचं हा भाग वेगळा.

सरकारने एसटीतलं सगळं मराठी केलं. कंडक्टरचा वाहक, ड्रायव्हरचा चालक, डेपोचं आगार, स्टँडचं स्थानक. बसला मात्र कोणी हात लावला नाही, ते बरंच झालं. लोकांनी तोही वाद ठेवला नाही. ते यष्टी म्हणाले, नाहीतर नुसतं गाडी. गाडी लागली का. गाडी भरली का. गाडी मुक्कामी गेली.

आता एक गंमत, जी कळल्यावर मी आण्णांना मुद्दाम फोन केला होता. रामेभ्यः हे रूप चतुर्थीचं, आणि पंचमीचंही तेच: रामांसाठी आणि रामांपासून. लॅटिनमध्येही अगदी तसंच. ओम्निबुस म्हणजे सगळ्यांसाठी आणि ओम्निबुस म्हणजेच सगळ्यांकडून.

"म्हणजे बघा आण्णा, गाडी सगळ्यांसाठी आणि तिकीट सगळ्यांकडून. एकाच शब्दात दोन्ही."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "सगळ्यांकडून कुठलं? पोलीस, पास, आमदार, आणि मागं उभं राहून झोपेचं सोंग घेतलेली दोन. तुझ्या त्या भाषेत त्यांचं काय?"

वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा हिशेब, जुळल्याशिवाय आण्णा रात्री जेवत नसत. खाकी शर्टाच्या खिशाला बिल्ला, काखेत चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि तो पंच. टकटक, टकटक. लहानपणी आम्ही भावंडं त्या आवाजावरून ओळखायचो आण्णांचा मूड कसा आहे ते. एक घंटी म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. घरातही हीच भाषा. जेवताना आईला वाढणं थांबवायचं असलं की बोटाने ताटावर एकदा टक्. चालू दे असेल तर दोनदा.

कराड–मसूर ही त्यांची कितीतरी वर्षांची ड्युटी. त्या मसूरची एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती, आणि ती सांगितल्याशिवाय मला ‘सगळ्यांसाठी’ या शब्दाबद्दल लिहिता येत नाही.

१९०१ साल. मसूर स्टेशनवर गाडीतून काही मुलं उतरली. वडील जिल्ह्यातल्याच एका गावी नोकरीला होते, सुट्टीत त्यांच्याकडे निघालेली. येत असल्याचं पत्र वडिलांना मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलेलं नव्हतं. मुलांचे कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मग जात विचारली. महार, असं मुलांनी सांगितल्यावर तो मागे सरला. बाहेर बैलगाड्या भाड्याच्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली: गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालत येणार. त्यांच्याबरोबर बसून त्याला विटाळ नको होता. रात्रभराच्या प्रवासात मुलांकडे खायला होतं, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही. त्या मुलांतला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे.

आमच्या घरात ही गोष्ट कधी कोणी सांगितली नव्हती. गावापासून हाकेच्या अंतरावरची, तरी मी ती कॉलेजात गेल्यावर वाचली. सुट्टीत आल्यावर आण्णांना सांगितली. ते चहा पीत होते. ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"दुप्पट घेतलं?"

"हो."

"आणि गाडी पोरांनीच हाकली?"

"हो."

"मग भाडं कशाचं घेतलं त्यानं?"

बाकी काही बोलले नाहीत. मला तेव्हा हा प्रश्न तोकडा वाटला होता, एवढ्या मोठ्या गोष्टीतलं यांना भाडंच दिसलं म्हणून. आता वाटत नाही. पैसे घेतले की माणूस गाडीत आला, त्याच्या पुढचा-मागचा विचार करायचा अधिकार गाडीवाल्याला नाही, हे त्यांच्या धंद्याचं मूळ होतं आणि त्यांना तेच मोडलेलं दिसलं.

यष्टीत चढलं की जात पायरीवर गळून पडते, असं म्हणायला मी काही भाबडी नाही. ‘कुठलं गाव, कुणाकडचं’ या प्रश्नातून आडनावापर्यंत कसं जायचं ते आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पुरतं ठाऊक असतं आणि उत्तर आल्यावर मांडी थोडी आवरून घेतलेली मी पाहिली आहे. पण जागा द्यावी लागते. पुढे सरका म्हटलं की सरकावं लागतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी निघाली. लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या. मसूरच्या त्या रात्रीनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. ते दुप्पट भाडं दिलेले बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते.

एसटीचं बोधवाक्य आहे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. लाल गाडीवर लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे कधी वाचलंच नव्हतं म्हणा ना. हिताय, सुखाय. चतुर्थी! म्हणजे गाडीचं नावही चतुर्थीत आणि ब्रीदही चतुर्थीत. एक लॅटिन, एक आपली. आणि ही आपली तर मूळची प्रवासाचीच आहे. बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना सारनाथला सांगितलं ते हे: चारिका करा, म्हणजे फिरत राहा, बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी. आणि लगेच पुढे, एका वाटेने दोघांनी जाऊ नका. आण्णा असते तर म्हणाले असते, बरोबर आहे, एका रूटवर दोन गाड्या सोडल्या की दोन्ही मोकळ्या जातात.

सगळे आणि बहुजन यांत फरक आहे, तो मला पटतो. ‘सगळ्यांसाठी’ हे लंडनमध्ये शिलिंगवाल्यांसाठी होतं. ‘बहुजन’ म्हटलं की कोण ते स्पष्ट होतं: डोक्यावर भाजीची पाटी, हातात कोंबडी, कडेवर पोर. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. त्या मार्चनंतर मी पहिल्यांदा कराडला आले तेव्हा गाडीत सगळ्या बायकाच. एक मावशी शेजारणीला सांगत होत्या की लेकीकडे वर्षातून एकदा जायची, आता महिन्याला जाते, जावई वैतागलाय. महामंडळाच्या तोट्या-फायद्याचं गणित मला येत नाही, पण बोद्रीच्या न्हाणीघराची आठवण झाली. लोकांना जायचं असतंच. गाडी निघाली की कळतं.

रात्री जेवताना भाचीने तिच्या बापाला सगळं सांगितलं. भाऊ वीज मंडळात आहे. ऐकून म्हणाला, "आमच्याकडंपण बस असती. बसबार." सबस्टेशनमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते, येणारी वीज तिच्यावर येते आणि सगळ्या फीडरना, म्हणजे पुढे जाणाऱ्या वीजवाहिन्यांना, तिच्यावरूनच जाते. मूळ शब्द ऑम्निबस बार. सगळ्यांसाठीची पट्टी. आणि तिथूनच हा शब्द संगणकात शिरला, सगळ्या भागांना जोडणारी वाट म्हणून. भाचीच्या हातातल्या चार्जरच्या यूएसबीतला ‘बी’ म्हणजे बस. तिने वायर उलटसुलट करून पाहिली.

"हा खरा फुलफॉर्म आहे?"

"युनिव्हर्सल सीरियल बस. खरा आहे."

"म्हणजे आजोबांची गाडी वायरमध्ये आहे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी भटजी साडेदहाला आले. त्यांना पुढे आणखी दोन घरं होती, त्यामुळे सगळं डबल घंटीवर. भाऊ उघड्या अंगाने पाटावर, मी आणि भाची दाराशी. तीळ, पाणी, दर्भ. भटजी एका लयीत म्हणत होते आणि मी निम्मं ऐकत, निम्मं चुलीवरच्या खिरीकडे लक्ष ठेवून. मग ती ओळ आली. लहानपणापासून दरवर्षी ऐकलेली, घरोघरच्या म्हाळात असतेच:

देवताभ्यः पितृभ्यश्च महायोगिभ्य एव च.

भ्यः, भ्यः, भ्यः. देवांना, पितरांना, योग्यांना. चतुर्थी, ज्याला द्यायचं तो. भाचीने माझा पदर ओढला आणि तीन बोटं दाखवली. मी मान हलवली. पितृभ्यः म्हणजे पात्रिबुस. ३३ वर्षं ज्या प्रत्ययात उभं राहून प्रवास केला, त्याच प्रत्ययात आता बसले होते आण्णा. नाही, बसले कसले. उभेच असणार, मागच्या दाराशी, पाठ टेकून.

पान गच्चीवर ठेवलं. अळूवडी, खीर, वडे, आमसुलाची चटणी. कावळा येईना. पाऊण झाला. भटजी कधीच गेले होते. आईने दोनदा वर येऊन पाहिलं, काही न बोलता खाली गेली. काही राहिलंय का, कशात जीव अडकलाय का, हे प्रश्न घरात कोणी तोंडाने विचारत नव्हतं.

"मसूरची गाडी आसंल," भाऊ म्हणाला. "लेटच यायची ती."

एकला दहा कमी असताना समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला. मान तिरपी करून पाहिलं, उडाला, पुन्हा आला. मग कठड्यावर. मग पानावर. पहिली चोच अळूवडीला.

भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, डबल दे."

मी कठड्यावर दोनदा टकटक केलं.